दोन राखीव रकाने

इंटरनेटच्या जडणघडणीचा इतिहास कुणी प्रामाणिकपणे लिहायला घेतला, तर लातुरातल्या एका गोदामाच्या वरच्या मजल्याला त्यात मानाचं स्थान द्यावं लागेल. अजून तसा कुणी तो लिहायला घेतलेला नाही. गोदामात सध्या खताची पोती असतात, आणि वरचा मजला पत्रे उडाल्यामुळे बंद आहे.

दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी त्या मजल्यावर एक सरकारी केंद्र उघडलं. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या टँकरची, विहिरींची, चाऱ्याची माहिती रोज एका जागी यावी, आणि तीही इंटरनेटवरून यावी, हा उद्देश. केंद्राचं नाव इतकं लांब होतं की ते शिक्क्यावर मावेना. म्हणून शिक्क्याशिवायच काम सुरू झालं. मी तिथे टंचाईच्या टेबलावर अव्वल कारकून होते. टंचाई असलेल्या अकराही तालुक्यांनी माहिती एकाच ठरावीक तक्त्यात पाठवायची होती. तो तक्ता ठरवण्याचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांच्याबद्दल हे लिहिते आहे.

पाठीमागे त्यांना सगळे ‘तीसवर्षे’ म्हणत. हे इतकं रुळलं होतं की एकदा त्या नावाने टपालात लग्नाची पत्रिका आली. कारण एवढंच, की कुठलाही कागद पुढे आला की ते आधी विचारत, “हे तीस वर्षांनी कोण वाचणार?” कागद म्हणजे चहाची यादी असली तरी विचारत. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर, पुढे कधीतरी ती उघडणाऱ्या अनोळखी कारकुनासाठी ते टीप लिहून ठेवत. टँकरच्या फाइलवरची टीप मला अजून पाठ आहे: ‘टँकर म्हणजे पाणी वाहून नेणारी मालमोटार. गावात पाणी नसले की ती लागते. आपण हे वाचत असाल तेव्हा आपणांस हा शब्द माहीत नसेल, अशी आशा आहे.’

मी म्हटलं, “सर, टँकर म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागतं का?”

“आज न्हाई लागत, बाई. आजच्यासाठी लिवलंच न्हाई ते.”

पन्नाशी उलटलेले, सडपातळ, ऐन मे महिन्यातही बाह्यांची बटणं लावलेला पांढरा शर्ट. मूळचे उमरीकडचे, नोकरी भूमापन खात्यातली. संगणक शिकले तेव्हा चाळिशी झाली होती. त्यांचे वडील निजामाच्या काळात मोजणीची साखळी ओढायला जात. त्या वेळच्या मोजणीच्या नकाशाची उर्दूतली एक नक्कल त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. अहमदपूरकडच्या एका शेताची ती होती. त्या शेताशी त्यांचा काही संबंध नव्हता. बापाने साखळी ओढली होती, तेवढाच.

“हे गाव आधी बिदरमधी होतं,” ते पाहुण्याला सांगत. “मग उस्मानाबाद. मग लातूर. निजाम गेला, हैदराबाद स्टेट गेलं, मुंबई राज्य गेलं. छप्पन सालात तर आमचं सगळंच बदललं, राज्यबी अन् धर्मबी. सर्व्हे नंबर मात्र तोच हाय. कामून? त्या नंबरात निजामाचं नाव घातलं न्हवतं म्हणून.”

पाहुणा साधारणपणे पाणी प्यायला आलेला असे. तो मान हलवून माठाकडे जाई.

माझं आणि त्यांचं पटत नव्हतं, हे सांगून टाकलेलं बरं. मला रोज दुपारी चारला टँकरची यादी लागायची. बडे साहेब, म्हणजे केंद्राचे प्रमुख, पुण्याहून आलेले होते आणि त्यांना ती साडेचारला लागायची. तक्ता पंधरा दिवसांत तयार व्हावा असा हुकूम होता. महिना झाला तरी तीसवर्षे साहेबांचं चाललेलंच. तारीख कशी लिहायची यावर त्यांनी चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी मी तडकले.

“सर, लोकांना पाणी आज लागतं.”

“हाव. अन् तक्ता उद्यापासून रोज लागतो. आज घाईनं चुकीचा केला तर दुरुस्त कोन करणार? एकदा अकरा तालुके चुकीची सवय लावून घेतले की देवबी दुरुस्त करू शकत न्हाई.” मग म्हणाले, “इत्मिनानानं घ्या. यादी मिळते ना तुम्हाला चारला?”

मिळत होती. ती कुठून येते याचा मी महिनाभर विचारच केला नव्हता. एकदा सकाळी आठला कचेरीत आले, तर हे गृहस्थ फोनला कान लावून बसलेले. लोहा झालं, उमरी झालं, शिरूर अनंतपाळ चालू होतं. रोज सकाळी ते एकेका तालुक्याला फोन करून आकडे हाताने उतरवून घेत, आणि तीच यादी पाणी भरण्याच्या ठिकाणी पाठवून देत. तक्ता बिघडू नये म्हणून तक्त्याचं काम ते स्वतः करत होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. विचारल्यावर म्हणाले, “कोनी विचारलंच न्हाई.”

त्यांचं पहिलं म्हणणं असं होतं, की पाणी गावाला देत नाहीत, टाकीला देतात. म्हणून नंबर टाकीला द्यायचा. आणि त्या नंबरात काहीही अर्थ असू नये. जिल्हा नाही, तालुका नाही, काही नाही. लातूर जिल्हा होऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती, तरी नांदेडची माणसं त्याला ‘नवा जिल्हा’ म्हणत. त्यात आता आणखी एक नवा जिल्हा होणार अशी आवई दर सहा महिन्यांनी उठे, आणि कुठले तालुके त्यात जाणार यावर हॉटेलात पैजा लागत. “जिल्हा टोपीसारखा ठिवा,” ते म्हणत. “येगळ्या रकान्यात. बदलला तर काढून दुसरा घालता येतो. नंबरात घातला की तो कातडी होतो.”

नंबर त्यांनी चिठ्ठ्या टाकून दिले, कारण ‘एक’ हा नंबर आपल्याच गावाला मिळावा म्हणून आधीच फोन येऊ लागले होते. सुरुवातही एकपासून न करता एक हजार एकपासून केली. त्यावर एका तालुक्याने लेखी विचारणा केली, की पहिले हजार नंबर पश्चिम महाराष्ट्राला दिले आहेत काय. त्यांनी लेखी उत्तर दिलं: ‘नाहीत. कोणालाच दिलेले नाहीत.’ उत्तरावर कुणाचा विश्वास बसला नाही.

मग त्यांनी तलाठ्यांना सांगून प्रत्येक टाकीवर ऑइलपेंटने नंबर टाकून घेतले. कागदावर या कामाला त्यांनी ‘प्रायोगिक’ म्हटलं होतं. सरकारात प्रायोगिक गोष्टीला कुणी हरकत घेत नाही, कारण ती संपेल असं सगळ्यांना वाटत असतं.

दुपारी ऊन वाढलं की ते इंटरनेट लावत. ते फोनच्याच तारेवर चाले. यंत्र आधी किंचाळायचं, मग खरखरायचं, आणि ते होईपर्यंत कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. बड्या साहेबांनी खाली फोन उचलला की सगळं तुटायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. इतक्या खटाटोपानंतर ते काय वाचत, तर इंटरनेट कसं चालावं याचे नियम ठरवणारी परदेशातली मंडळी जे कागद काढतात, ते. जुन्या छापील फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूंवर ते छापून घेत आणि लाल फडक्यात बांधून ठेवत.

“बघा बाई, हे लोक नियमाला नियम म्हणत न्हाईत. ‘अभिप्रायार्थ विनंती’ म्हणतात. अन् त्याच्यावर सारी दुनिया चालून राहिली.”

एकदा त्यांनी त्या मंडळींना इंग्रजीत पत्रही लिहिलं. पत्त्याच्या कुठल्याशा नियमात माणसाचा प्रांत आणि जिल्हा सक्तीचा धरला होता. आमच्याकडे माणूस जागचा हलत नाही पण जिल्हा हलतो, तरी याचा विचार व्हावा, अशा आशयाचं. नऊ दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: मुद्दा चांगला आहे, पुढच्या आवृत्तीत पाहू. मला वाटलं ते खट्टू होतील. ते दिवसभर खुशीत होते. “आपल्यासारखेच हायत की हे!”

सोजरबाई आमच्याकडे यायला लागली ती याच सुमारास. लोहा आणि अहमदपूर यांच्या मधल्या हद्दीवर वीस-पंचवीस घरांची एक वस्ती होती, तिथली ती. तिचं गाव ओढ्यापलीकडे, नांदेडच्या बाजूला, रेशनकार्ड तिथलं. पण शेतात घरं बांधून ही माणसं ओढ्याअलीकडे राहायला आली होती, आणि ती जमीन लातूरच्या हद्दीत. इकडचे म्हणत, तुमचं गाव तिकडचं. तिकडचे म्हणत, तुमची घरं इकडची. टँकर कुणीच देत नव्हतं. बाया ओढ्यातल्या झऱ्याला वाटीने पाणी भरत. ती दोन एस्ट्या बदलून यायची आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायची.

“काय ओ साहेब, आमचं ठरलं का न्हाई?”

“ठरून राहिलं, मावशी.”

“लवकर ठरवा. उद्या तिथं मेलं कोनी, तर कुटल्या जिल्ह्यात मेलं म्हनून लिवताल?”

तीसवर्षे साहेबांनी टाकी आहे का विचारलं. होती, काळी, प्लास्टिकची, दोन वर्षांपूर्वी निवडणुकीच्या आधी कुणीतरी देऊन गेलेली, आतून कोरडी. त्यांनी चिठ्ठ्यांच्या डब्यातून एक चिठ्ठी काढायला तिलाच सांगितलं. तेराशे नऊ. तो आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांनी तिला दिला आणि रंगाचा उरलेला डबा दिला.

“ह्यानं पानी येतं?” तिने कागद उलटासुलटा करून विचारलं.

“अजून न्हाई,” ते म्हणाले. “अजून मीटिंग हाय.”

मीटिंगला दोन्हीकडच्या अकरा तालुक्यांचे अधिकारी आले. पहिला प्रश्न निघाला तो तक्त्याच्या शेवटच्या दोन रकान्यांवर. डोक्यावर नुसतं ‘राखीव’ लिहिलेलं, खाली काही नाही. हे कशासाठी?

“आज आपल्याला जे सुचत न्हाई त्याच्यासाठी.”

मागून एक नायब तहसीलदार म्हणाले, “इथंबी राखीव का, साहेब?”

हशा झाला. तो पुरता संपेपर्यंत तीसवर्षे साहेब थांबले. मग त्यांनी इतिवृत्तात ‘हशा’ असं लिहिलं, तसं लिहिलं म्हणून सांगितलं, आणि म्हणाले, “हाव. जे आज ह्या खोलीत न्हाईत, त्यांच्यासाठी.”

दुसरी हरकत माझीच होती. कचेरीत रकाना कोरा ठेवता येत नाही. कोरा दिसला की कागद परत येतो. काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं, ही आमची रीत. मी म्हटलं, या दोन रकान्यांत सगळे निरंक लिहितील.

“लिहू देऊ नका,” ते जवळजवळ ओरडले. दोन महिन्यांत मी त्यांचा आवाज चढलेला पहिल्यांदाच ऐकला. “निरंक म्हणजे विचारलं अन् काही न्हाई. कोरं म्हणजे अजून विचारलंच न्हाई. जमीनअस्मानाचा फरक हाय, बाई!”

मग मुख्य मुद्दा आला. बड्या साहेबांना नंबराच्या सुरुवातीलाच जिल्ह्याचा आकडा हवा होता. पुढच्या आठवड्यात मंत्रिमहोदय येणार, त्यांना एका नजरेत जिल्हा कळला पाहिजे. “आणि ज्याचा जिल्हा ठरत नाही ते यादीत येणार नाही,” ते म्हणाले. “एवढी शिस्त हवीच.” म्हणजे तेराशे नऊ गेलं. सोजरबाई बाहेर पायरीवर बसली होती. दार उघडंच होतं.

“मत घेऊ,” तीसवर्षे साहेब म्हणाले. “पण हात वर करायचे न्हाईत. ते इंटरनेटचे नियम काढणारे परदेशातले लोक हूं म्हणून मत देतात, तसं करू. गोष्ट ऐकताना आपणबी म्हणतोच की. ज्याला पटलं त्यानं हूं म्हणायचं.”

बड्या साहेबांनी हसून परवानगी दिली. जिल्हा पुढे लावावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हूं म्हणा. एक हूं आला. तो खुद्द साहेबांचा होता. नंबरात जिल्हा नको असं ज्यांना वाटतं त्यांनी म्हणा. खोलीत मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा आवाज भरला. अकरा अधिकारी तोंडं मिटून, समोरच्या कागदाकडे गंभीरपणे बघत बसलेले. एकाचाही चेहरा हलत नव्हता.

“कोण करतंय हूं?” साहेबांनी विचारलं.

कुणीच करत नव्हतं. आवाज मात्र चालू होता. माझाही त्यात होता, हे इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी लेखी हुकूम निघाला: जिल्ह्याचा आकडा नंबरापुढे लावावा, टाक्यांवरचे प्रायोगिक नंबर खरवडून नवे टाकावेत, जिल्हा अनिश्चित असलेली ठिकाणं वगळावीत. हुकूम वाचून तीसवर्षे साहेबांनी त्याची नीट घडी केली आणि तो फाइलला लावला. म्हणाले, “लावावा लागतो. हेबी वाचलं पाहिजे कोनीतरी.”

तालुक्यांनी हुकूम पाळायला घेतला आणि पहिलीच अडचण आली. तीन तालुक्यांनी विचारलं: खरवडून नवा नंबर टाकण्यासाठी रंग कोठून घ्यावा, मार्गदर्शन व्हावे. हा कागद माझ्या टेबलावर आला. तो वर पाठवणं हे माझं काम होतं. मी त्यावर ‘अभिप्रायार्थ’ असा शेरा मारला आणि अकराही तालुक्यांना पाठवून दिला.

अभिप्राय यायला वेळ लागतो. तोपर्यंत टँकरचे ड्रायव्हर टाकीवरच्या नंबरांवर चालत होते, कारण सकाळी हाताने लिहिलेल्या यादीत तेच होते आणि रस्त्यावर तेच दिसत होते. मंत्रिमहोदयांना जिल्ह्याच्या आकड्यासकट एक सुबक यादी दाखवली गेली. ती त्यांनी एका नजरेत पाहिली. त्याच आठवड्यात तेराशे नऊला पहिली खेप गेली. ड्रायव्हरने गाव विचारलं नाही, जिल्हा विचारला नाही. नंबर वाचला आणि टाकीत पाइप सोडला. हे सांगायला सोजरबाई मुद्दाम दोन एस्ट्या बदलून आली. पायरीवर बसली नाही, आत आली, खुर्चीवर बसली.

“खामखा दोन महिने लावले तुमी,” ती तीसवर्षे साहेबांना म्हणाली.

“हाव, मावशी,” ते म्हणाले. “चुकलंच जरा.”

पावसाळ्यात बड्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले. जे चालू आहे त्यावर त्यांनी सही केली. तक्ता मान्य झाला तो असा. केंद्र बंद पडलं, तक्ता राहिला. तीसवर्षे साहेब निवृत्त होऊन उमरीला गेले. निरोपसमारंभात त्यांच्या दूरदृष्टीवर भाषणं झाली. एका वक्त्याने त्यांना दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने संबोधलं. त्यांनी ते इतिवृत्तात दुरुस्त करून घेतलं.

मध्ये बारा-तेरा वर्षं गेली. मी पुन्हा टंचाईच्या टेबलावर, वेगळ्या कचेरीत. तो दुष्काळ असा होता की लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. तक्त्यात टँकर होता, विहीर होती, बोअर होतं, रेल्वे नव्हती. ती कुणालाच सुचलेली नव्हती. मी वर फोन करून विचारलं, की शेवटचे दोन रकाने याचसाठी सोडलेले आहेत, तिथे भरू का. उत्तर आलं: ते राखीव असल्याने वापरता येणार नाहीत. रेल्वेसाठी वेगळा तक्ता काढण्यात आला.

मी उमरीला फोन लावला. आवाज थकलेला होता, पण कागद समोर असल्यासारखं ते बोलत होते. रेल्वेचं सांगितलं. राखीव रकान्यांचंही सांगितलं. वाटलं, आता ओरडतील.

“म्हणजे दोन्ही अजून शिल्लक हायत?”

“आहेत, सर.”

“मग बरं झालं,” ते म्हणाले. “तीस वर्षं व्हायला अजून लई येळ हाय. अन् तेराशे नऊ?”

“चालू आहे. रोज दोन खेपा.”

“नळ येऊन तो नंबर पुसायची येळ यायला पायजे व्हती आतापत्तर,” ते म्हणाले. “असो. कोरे ठेवता ना रकाने?”

मी हो म्हटलं. फोन ठेवला, तेराशे नऊपुढे दोन खेपा लिहिल्या, राखीव रकान्यांत निरंक, निरंक लिहिलं आणि तक्ता चारच्या आत पाठवून दिला.